एवढ्याशाने काय होते?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. परतीच्या वाटेवर दुपारच्या जेवणासाठी रस्त्याकडेच्या एका हॉटेलात थांबलो. पोळी, बटाट्याची भाजी, आमटी, भात आणि पापड असे साधेच जेवण होते. एक विद्यार्थिनी मात्र ताटात नुसता भात घेऊन बसली होती. तिला गहू चालत नाही, डॉक्टरांनी तो कायमचा बंद केला आहे, एवढे मला ठाऊक होते. तिने वाढप्याला विचारले, "दादा, आमटीत गहू, मैदा काही नाही ना?"

"नाही ताई, नुसती तुरीची डाळ आहे," तो म्हणाला.

तरीही तिचा हात पुढे होईना. तेव्हा मीच म्हणालो, "अगं घे, कोरडा भात किती खाशील? आणि असलंच काही, तर एवढ्याशाने काय होतंय?"

सरांनी सांगितले म्हणून तिने आमटी घेतली, पापडही घेतला. पुढचे दोन दिवस ती वर्गात आली नाही. पोट बिघडून ती घरी पडून असल्याचे मैत्रिणींकडून कळले.

त्या दिवशी नेमके कशाने बिघडले हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण 'एवढ्याशाने काय होते?' असे मी म्हणालो ते उत्तर ठाऊक असल्यासारखे, आणि उत्तर तर मला ठाऊक नव्हते. वर्गात आम्ही रोज सांगतो की 'थोडे' आणि 'फार' हे शब्द मोजमापाशिवाय निरर्थक असतात. मग 'एवढेसे' म्हणजे किती? विद्यार्थी मित्रांनो, तो हिशेब आज आपण करू.

पिठातला रबर

आधी एक सोपा प्रयोग. वाटीभर मैदा घेऊन पाण्यात घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते ओतून टाका, नवे पाणी घ्या. पाणी जवळजवळ स्वच्छ राहू लागले की हातात एक पिवळसर, चिवट, ताणला तर रबरासारखा लांबणारा गोळा उरेल. हेच ग्लुटेन. पांढऱ्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकलात तर ते निळेकाळे होईल, कारण धुऊन निघाले ते पिष्ट. हातात उरले ते मुख्यतः प्रथिन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाने पिठाचे असे दोन भाग वेगळे केल्याची हकीकत १७४५ साली प्रसिद्ध झाली.

आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाने करा. सगळे पीठ पाण्याबरोबर निघून जाईल, गोळा उरणारच नाही. पोळी लाटता येते, पण भाकरी हाताने थापावी लागते आणि तिच्यासाठी पीठ गरम पाण्यात मळावे लागते, याचे कारण हेच. गव्हाचे पीठ ग्लुटेनच्या जाळ्यामुळे एकसंध राहते. ज्वारीत ते जाळे नसल्यामुळे गरम पाण्याने पिष्ट चिकट करून घ्यावे लागते. आजीला हे रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण तिच्या हाताला ते ठाऊक असते.

गव्हाप्रमाणेच जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात. रवा, मैदा, कणीक, लापशी, शेवया ही सगळी गव्हाचीच रूपे आहेत. आपल्याकडील खपली गहू हासुद्धा गहूच. पथ्याचा म्हणून त्याची ख्याती असली तरी ग्लुटेन त्यातही असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी यांत ते नसते.

आतड्याची मखमल

बहुतेक माणसांना ग्लुटेनचा काहीही त्रास होत नाही. पण जगात सुमारे शंभरांत एका माणसाला सिलिॲक नावाचा विकार असतो. भारतात तो गहू अधिक खाणाऱ्या उत्तर भागात जास्त आढळतो. एम्सच्या डॉक्टरांनी उत्तर भारतात केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९६ जणांमागे एक असे प्रमाण आढळले. दक्षिणेत ते बरेच कमी आहे.

आपल्या लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. मखमलीच्या तंतूंसारखे असंख्य बारीक उंचवटे त्यावर उभे असतात. त्यांमुळे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम सुकर होते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लुटेनच्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्या आतड्यालाच इजा करते. मखमलीचे तंतू झिजून पृष्ठभाग सपाट होतो. मग पोटभर जेवूनही अंगी लागत नाही. जुलाब, पोटदुखी, रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे अशी लक्षणे दिसू लागतात. काहींना तर पोटाचा त्रास जाणवतही नाही, पण आतली झीज चालूच असते.

हे सारे गव्हामुळे होते हे फार उशिरा कळले. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० नंतरच्या दशकातच तसा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. सगळीकडे उपासमार असताना या आजाराची मुले मात्र सुधारत असल्याचे दिसले, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध लिहिला आणि पुढे सहकाऱ्यांसह केलेल्या मोजमापांतून गव्हाच्या ग्लुटेनवरील आरोप सिद्ध केला.

ग्लुटेनच का? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. आपली पाचक विकरे ती साखळी ठिकठिकाणी तोडतात. ग्लुटेनमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल फार असते आणि त्याच्याजवळ विकरांची कात्री नीट चालत नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले चैतन खोसला आणि त्यांचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील सहकारी यांनी २००२ साली दाखवून दिले की ग्लुटेनचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा पचनानंतरही अखंड उरतो, आणि नेमका तोच तुकडा या लढाईला तोंड फोडतो.

या विकारावर आजमितीस एकच खात्रीचा उपाय आहे: ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे. पथ्य पाळले की मखमल पुन्हा उगवते. मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. स्वतःच निदान करून गहू सोडू नका. रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करावी लागते, नाहीतर दोष लपून राहतो. ज्यांना हा विकार नाही त्यांना पोळी सोडण्याचे कारण नाही.

हिशेब

इटलीतील कातासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज मोजून ग्लुटेन दिले. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याची इजा मोजता येते, असे दिसून आले. १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना फारसे बाधत नाही, पण काहींना तेवढेही सोसत नाही. म्हणून आपण दिवसाची मर्यादा १० मिलिग्रॅम धरू.

गव्हाच्या पिठात साधारण १२ टक्के प्रथिन असते आणि त्याचा सुमारे चार पंचमांश भाग ग्लुटेन असतो. म्हणजे ढोबळमानाने पिठाच्या वजनाचा दहावा भाग ग्लुटेन. यावरून,

१० मिलिग्रॅम ग्लुटेन = १०० मिलिग्रॅम पीठ.

गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा असतो. तेव्हा दिवसाची मर्यादा झाली अडीच दाणे!

आता एक पोळी घ्या. तिच्यात ३० ग्रॅम कणीक आहे असे समजू. तिच्यात ग्लुटेन ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. याचा अर्थ एका पोळीत ३०० दिवसांची मर्यादा भरलेली असते. पोळीचे ६० तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यात ५० मिलिग्रॅम ग्लुटेन असेल. 'एवढासा तुकडा' तो हाच.

पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिण्यासाठी आपल्या देशात आणि जगात बहुतेक ठिकाणी एकच मर्यादा आहे: एक किलोग्रॅम पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. म्हणजे दशलक्ष भागांत २० भाग. असा अर्धा किलो पदार्थ दिवसभरात खाल्ला तरी पोटात १० मिलिग्रॅमच जातात. ही संख्या वरच्याच हिशेबाशी जुळते हे तुमच्या लक्षात आले असेल.

उकळले की गेले?

अनेकांना वाटते, चांगले उकळले, तळले की दोष जातो. ही समजूत रोगजंतूंवरून आलेली आहे. जंतू जिवंत असतात, उकळत्या पाण्यात मरतात. ग्लुटेन जिवंत नाही, त्यामुळे ते मरतही नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, पण साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम तसाच राहतो, आणि त्रास त्या क्रमामुळे होतो. तळणीचे तेल १८० अंश सेल्सियसवर असले तरी समोशाच्या पारीचा त्यात सुटलेला चुरा निरुपद्रवी होत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात. ग्लुटेन वाढत नाही. जेवढे सांडले तेवढेच राहते, आणि धुतले तर निघून जाते. साबण लावून नीट घासलेले स्टीलचे ताट पूर्ण सुरक्षित असते. तवा नुसता फडक्याने पुसून चालणार नाही. तो घासून धुतला पाहिजे.

एक गोष्ट आणखी. मघाचा आयोडीनचा थेंब येथे उपयोगी नाही. तो पिष्ट ओळखतो, ग्लुटेन नाही. भातालाही तो निळाच करतो. डोळ्यांना, जिभेला किंवा नाकाला १० मिलिग्रॅम ग्लुटेन कळत नाही. म्हणून हॉटेलात आपल्यापाशी साधन एकच उरते: योग्य प्रश्न.

चोरवाटा

हॉटेलातील पोळी, पाव, शिरा, उपमा, गुलाबजाम, जिलेबी यांत गहू असतो हे उघड आहे. धोका असतो तो न दिसणाऱ्या वाटांनी.

पहिली वाट हिंगाची. शुद्ध हिंग हा झाडाचा चीक. तो इतका उग्र असतो की बाजारातला हिंग पीठ आणि डिंक मिसळून तयार करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. समजा, चार जणांच्या आमटीत पाव ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मे गव्हाचे पीठ आहे. म्हणजे १२५ मिलिग्रॅम पीठ, साडेबारा मिलिग्रॅम ग्लुटेन, आणि प्रत्येकाच्या वाटीत सुमारे ३ मिलिग्रॅम. एका वाटीत दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा! दोन वाट्या आमटी, हिंग घातलेला उडदाचा पापड आणि लोणचे असे सगळे मिळून मर्यादा सहज गाठली जाते. आमच्या वाढप्याने खोटे सांगितले नव्हते. हिंगात गहू असतो हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. तांदळाचे पीठ घातलेला हिंगही बाजारात मिळतो. पाकिटावर घटक वाचून घ्यावा.

दुसरी वाट तव्याची. डोसा तांदूळ-उडदाचा असतो, पण त्याच तव्यावर आधी रवा डोसा किंवा पराठा झाला असेल तर? पोळीला लावलेल्या पिठीचा दहावा भाग ग्रॅम, म्हणजे एक चिमूट, तव्यावर राहिला तरी मर्यादा संपली. तंदुरीच्या भट्टीचेही तसेच. ज्या भिंतीला मैद्याची रोटी चिकटते तिथेच बाकीचे पदार्थ भाजतात.

तिसरी वाट तेलाची. साबुदाणा वडा स्वतः निर्दोष, पण समोशाच्या कढईत तळला की सदोष.

चौथी वाट भर घालण्याची. पोह्यांवर आणि मिसळीत टाकलेले फरसाण, रस्सा दाट करण्यासाठी लावलेला मैदा, चिनी पदार्थांतील सोया सॉस (तो पुष्कळदा सोयाबीन आणि गहू आंबवून करतात), थालीपिठाच्या भाजणीतले गहू.

पाचवी वाट गिरणीची, आणि ती सर्वांत फसवी. हॉटेलच्या पाटीवर 'ज्वारीची भाकरी' असते, पण ज्वारी कुठे दळली? गव्हानंतर त्याच जात्यात ५ किलो ज्वारी दळली आणि आधीचे ५० ग्रॅम गव्हाचे पीठ तिच्यात आले असे समजा. म्हणजे ५ ग्रॅम ग्लुटेन ५ किलोत, दर किलोला १००० मिलिग्रॅम. परवानगीच्या पन्नास पट! शिवाय पिठाची धूळ हवेत तरंगते. स्टोक्सच्या नियमाने गणित केले तर १० मायक्रोमीटर व्यासाचा पिठाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ०.४ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला सहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो शेजारच्या उघड्या डब्यात पडू शकतो. म्हणून अशा घरांत धान्य धुऊन, वाळवून घरच्याच वेगळ्या चक्कीवर दळतात.

काय विचारावे, काय मागावे

हॉटेलात 'यात ग्लुटेन आहे का?' असे विचारून उपयोग नाही. तो शब्द आचाऱ्याच्या ओळखीचा नसतो. त्याच्या भाषेत विचारावे. यात कणीक, मैदा, रवा घातला आहे का? फोडणीत हिंग आहे का? रस्सा दाट कशाने केला? याच तव्यावर पोळी किंवा पराठा होतो का? याच तेलात समोसा तळता का? शक्यतो गर्दीच्या वेळेआधी जावे, म्हणजे आचाऱ्याला ऐकायला सवड असते. 'आवडत नाही' असे म्हणू नये. 'आजार आहे, थोडेसेही चालत नाही' असे स्पष्ट सांगावे.

मग मागावे ते असे, ज्याला कमी हात लागले आहेत: नव्या पातेल्यातला साधा भात, हिंगाविना वरण, दही, उकडलेले अंडे, सोललेले केळे, शहाळे. वाफवलेली तांदूळ-उडदाची इडली सहसा चालते, मात्र पीठ रव्याचे नाही ना हे विचारून घ्यावे. सांबारात हिंग असतो. उकडीचे मोदक तांदळाचेच असतात. उपासाच्या पदार्थांचा येथे चांगला उपयोग होतो, कारण त्यांत मुळात गहूच नसतो. वेगळ्या भांड्यात केलेली साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ हे पथ्याचेच जेवण आहे. आणि उत्तर समाधानकारक मिळाले नाही तर? पिशवीत घरची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू असावा. ही मुले भिडस्त होतात ती आपल्यामुळे. 'प्रसाद आहे, नाही म्हणू नये', 'वाढदिवसाचा केक आहे, घासभर तरी खा' असा आग्रह आपणच करतो. ज्याने हिशेब केला आहे त्याने हा आग्रह पुन्हा करू नये.

पुढच्या सहलीच्या वेळी मी आदल्या दिवशी हॉटेलात फोन केला. आचाऱ्याला विचारले, "एका पातेल्यात हिंगाशिवाय वरण होईल का?" ते म्हणाले, "एका कशाला, सगळ्यांनाच तसं करतो. जिरं-लसणाची फोडणी देतो." त्यांनी भाताचा वेगळा डाव ठेवला आणि तो पोळीच्या ताटांपासून दूर राहील हे स्वतः पाहिले. त्या दिवशी सगळा वर्ग तेच वरण जेवला, आणि ती मुलगी पंक्तीच्या मधोमध बसून दुसऱ्यांदा वरण मागून घेत होती. मला फोनला लागली होती तीन मिनिटे. एवढ्याशाने काय होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

स्वतः सोडवा

१. एका पुरीत १२ ग्रॅम कणीक असेल, तर तिच्यातील ग्लुटेन किती दिवसांच्या मर्यादेइतके होईल?

२. पिठात दर किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. ६० ग्रॅम पिठाची एक, अशा तीन भाकऱ्या खाल्ल्या तर पोटात किती ग्लुटेन जाईल? ते मर्यादेत आहे का?

३. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मायक्रोमीटर व्यासाचा पिठाचा कण दीड मीटर उंचीवरून खाली यायला किती वेळ लागेल?